शितावरून भाताची परीक्षा : मतदानोत्तर चाचण्या अचूक कशा होतील?

जालना - मतदान संपले, की अर्ध्या तासात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सरकार स्थापन होते आणि मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत ते अनेकदा कोसळते. गेल्या काही निवडणुकांमध्ये मराठी मतदाराने हा खेळ दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी भारतीय जनता पक्षप्रणीत आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या. काहींनी चारशेचा आकडाही सांगितला होता. प्रत्यक्षात आघाडी २९३ वर थांबली आणि भाजपला २४० जागा मिळाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत चूक उलट दिशेने झाली. अनेक संस्थांनी चुरशीची लढत वर्तविली आणि महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा जिंकल्या.

एकाच राज्यात, सहा महिन्यांच्या अंतराने, आधी एका बाजूला झुकते माप आणि नंतर दुसऱ्या बाजूला! याचा सरळ अर्थ असा, की चाचणी घेणारे अमुक पक्षाला विकले गेले आहेत, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. चूक पद्धतीत आहे आणि ती नेमकी कोठे होते, हे समजून घेतले तर ती कमीही करता येते. त्यासाठी जालन्यासारखा मतदारसंघ हे चांगले उदाहरण आहे.

पंचवीस वर्षांचा गड आणि एक लाखाचा फरक

जालना लोकसभा मतदारसंघातून रावसाहेब दानवे १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून आले. या पाच विजयांचे आकडे मात्र एकसारखे नाहीत. २००९ मध्ये काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे यांच्याविरुद्ध त्यांचे मताधिक्य केवळ ८ हजार ४८२ होते. २०१४ मध्ये ते दोन लाखांच्या पुढे गेले आणि २०१९ मध्ये ३ लाख ३२ हजारांवर पोचले. त्यानंतर २०२४ मध्ये त्याच डॉ. काळे यांनी दानवे यांचा १ लाख ९ हजार ९५८ मतांनी पराभव केला. म्हणजे एका निवडणुकीत मताधिक्याचा काटा सुमारे साडेचार लाख मतांनी फिरला.

या उलथापालथीमागे काय होते, हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकालाही ठाऊक आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबर रोजी तेथे झालेल्या लाठीमारानंतर ते आंदोलन राज्यभर पसरले. लोकसभेच्या निकालात मराठवाड्यातील आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. महायुतीच्या वाट्याला केवळ औरंगाबाद आली. पाच वर्षांपूर्वी याच आठपैकी सात जागा युतीकडे होत्या.

विधानसभेच्या वेळी वारे पुन्हा फिरले. जालना जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीने जिंकल्या. माजी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांचा घनसावंगीत झालेला पराभव अडीच हजारांहून कमी मतांचा होता.

अशा अस्थिर परिस्थितीत मतदान केंद्राबाहेर उभे राहून हजार माणसांना प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडून आपण अचूक भाकिताची अपेक्षा करतो. ती कितपत रास्त आहे?

हजार जणांचा नमुना पुरतो का?

शितावरून भाताची परीक्षा, ही आपल्याकडची जुनी म्हण. मतचाचणीचे सारे शास्त्र या म्हणीत आहे, असे म्हटले तरी चालेल. मात्र म्हण खरी ठरते ती एका अटीवर : भात एकाच भांड्यात, सारख्या आचेवर शिजलेला असला पाहिजे. मग भांडे लहान असो वा मोठे, दोन-चार शिते पुरतात. म्हणूनच वीस लाख मतदारांच्या मतदारसंघासाठी वीस हजार आणि दोन लाखांच्या मतदारसंघासाठी दोन हजार नमुना हवा, असे संख्याशास्त्र सांगत नाही. पूर्णपणे यदृच्छया, म्हणजे प्रत्येक मतदाराला निवडीची सारखी संधी देऊन घेतलेल्या एक हजार मतदारांच्या नमुन्यात एखाद्या उमेदवाराच्या मतांची टक्केवारी शंभरपैकी पंच्याण्णव वेळा खऱ्या आकड्याच्या साधारण तीन टक्के वर-खाली येते. नमुना चारशेचा असेल तर ही चूक पाच टक्क्यांपर्यंत जाते आणि दहा हजारांचा असेल तर एक टक्क्यावर येते.

केवळ नमुना फुगवून काम भागत नाही, याचा धडा १९३६ मध्येच मिळाला होता. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठविली, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली आणि अध्यक्षपदी आल्फ्रेड लँडन निवडून येणार, असे छापले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. नियतकालिकाची नावे प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून आली होती. मंदीच्या त्या काळात गरीब मतदार त्यांत नव्हता. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मतेही वेगळी होती. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर योग्य विजेता सांगितला.

२०२४ च्या लोकसभेसाठी देशातील एका प्रमुख संस्थेने पाच लाखांहून अधिक मतदारांशी बोलल्याचे जाहीर केले होते. आकडा डोळे दिपविणारा आहे. मात्र ५४३ मतदारसंघांत तो वाटला, तर प्रत्येकी हजाराच्या आसपास मतदार येतात. त्या संस्थेचा आघाडीच्या जागांचा खालचा आकडाही ३६१ होता.

गाव एकदिलाने मतदान करते तेव्हा

नमुन्याच्या हजार मतदारांकडे आता जवळून पाहू. हे हजार जण मतदारसंघातील मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. मतदानोत्तर चाचणीत प्रथम काही मतदान केंद्रे निवडली जातात आणि त्या केंद्रांबाहेर येणाऱ्या मतदारांना प्रश्न विचारले जातात. चूक येथूनच वाढू लागते, कारण आपल्याकडचे मतदान केंद्र म्हणजे एक गाव, एक वस्ती, एक गल्ली असते. एका केंद्रावरील लोकांची जात, धर्म, पाण्याचा प्रश्न आणि पुढारी बहुधा सारखेच असतात. त्यामुळे त्यांची मतेही एकमेकांसारखी असतात. पन्नास जणांना विचारून जेवढी माहिती मिळते, त्यातील बरीचशी पहिल्या आठ-दहा जणांनीच दिलेली असते.

संख्याशास्त्रात या साम्याचे माप काढता येते. समजा, एका केंद्रावरील मतांमधील साम्याचा गुणांक ०.१ आहे. मग वीस केंद्रांवर प्रत्येकी पन्नास जणांना विचारून मिळविलेल्या हजार मुलाखतींचे खरे मोल केवळ १७० मुलाखतींएवढे उरते आणि चूक तीन टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर जाते. तेच हजार मतदार शंभर केंद्रांवर प्रत्येकी दहा असे विखुरले, तर मोल सुमारे ५२५ मुलाखतींचे होते आणि चूक सव्वाचार टक्क्यांच्या जवळ येते. मुलाखती तेवढ्याच, पण शंभर ठिकाणी माणसे पाठविण्याचा खर्च मोठा असतो. बहुतेक संस्थांची काटकसर नेमकी येथे होते.

आता हे गणित जालन्याला लावून पाहा. २०२४ मध्ये डॉ. काळे यांना सुमारे ४५ टक्के आणि दानवे यांना सुमारे ३७ टक्के मते मिळाली; फरक आठ टक्क्यांचा. दोघांतील फरकाची चूक एकाच्या टक्केवारीतील चुकीच्या जवळजवळ दुप्पट असते. शंभर केंद्रांवर विखुरलेल्या हजार मतदारांच्या चाचणीतही या फरकाची संभाव्य चूक पावणेआठ टक्क्यांची निघते. म्हणजे लाखाहून अधिक मतांचा हा विजयही त्या चाचणीला जेमतेम खात्रीने सांगता आला असता. वीस केंद्रांच्या चाचणीत ती चूक साडेतेरा टक्क्यांवर जाते. तिने दानवे विजयी होतील, असे सांगितले असते तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने नवल नव्हते. आणि २००९ चे आठ हजारांचे मताधिक्य? ते एकूण मतांच्या एक टक्क्याच्या आसपास होते. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ मध्ये शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघ्या २९६ मतांनी पुढे राहिले. असा निकाल कोणत्याही चाचणीच्या आवाक्याबाहेरचा आहे. 'सांगता येत नाही' हेच तेथे प्रामाणिक भाकीत.

जिल्हा एक, मतदारसंघ दोन

केंद्रे निवडताना भूगोलही चकवतो. जालना जिल्ह्यात आठ तालुके आणि पाच विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी जालना, बदनापूर आणि भोकरदन हे तीनच जालना लोकसभा मतदारसंघात येतात. परतूर आणि घनसावंगी परभणी लोकसभेला जोडलेले आहेत. उलट सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे शेजारच्या जिल्ह्यातील मतदारसंघ जालना लोकसभेत मोडतात. जालना शहर आणि परिसरात फिरून आलेल्या पाहणीकाराने 'जालन्याचा कल' सांगितला, तर निम्मा मतदारसंघ त्याने पाहिलेलाच नसतो. शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील पाचपैकी चार जण ग्रामीण भागात राहतात; औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांचा कामगार आणि जाफराबाद तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

यावरचा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. मतदारसंघाचे आधी थर पाडायचे : विधानसभानिहाय, शहरी-ग्रामीण, अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण आणि मागील निवडणुकीतील पक्षनिहाय मते. नंतर प्रत्येक थरातून केंद्रे यदृच्छया निवडायची. रस्त्यालगतचे गाव सोयीचे, म्हणून ते घ्यायचे नाही. निवडलेल्या केंद्रावर पोचणे अवघड आहे म्हणून शेजारचे केंद्रही घ्यायचे नाही.

जो बोलत नाही, त्याचे मत

आतापर्यंतची चूक ही योगायोगाची होती. नमुना वाढविला, विखुरला, की ती कमी होते. याहून घातक चूक वेगळीच आहे. ती म्हणजे उत्तर देणारे आणि न देणारे यांच्यातील फरक.

एक उदाहरण घेऊ. एका केंद्रातून हजार मतदार बाहेर पडले. त्यांतील पाचशे 'अ' पक्षाचे आणि पाचशे 'ब' पक्षाचे, म्हणजे बरोबरी. 'अ'चे मतदार उत्साहात आहेत. त्यांच्यातील ७० टक्के उत्तर देतात. 'ब'चे मतदार गावातील दबावामुळे म्हणा वा स्वभावाने म्हणा, गप्प आहेत; त्यांच्यातील ५५ टक्केच बोलतात. पाहणीकाराच्या वहीत 'अ'ची ३५० आणि 'ब'ची २७५ मते पडतात. चाचणी सांगते : ५६ विरुद्ध ४४. जी आघाडी मुळात नव्हतीच, ती बारा टक्क्यांची झाली! हजाराऐवजी लाखभर मतदारांना विचारले तरी उत्तर हेच येणार, कारण येथे दोष नमुन्याच्या आकारात नाही.

अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत नेमके हे घडले. मतदानोत्तर चाचणीत जॉन केरी पुढे दिसले आणि निवडून आले जॉर्ज बुश. मतदानोत्तर चाचणीचे आद्य प्रवर्तक वॉरन मिटोफस्की यांच्या संस्थेने जानेवारी २००५ मध्ये स्वतःच्या चुकीचा अहवाल प्रसिद्ध केला. केरी यांचे मतदार बुश यांच्या मतदारांपेक्षा अधिक संख्येने बोलले, हे त्यातील मुख्य कारण होते. पाहणीकार तरुण असेल आणि केंद्राच्या दारापासून दूर उभा असेल, तर चूक वाढते, असेही त्यांना आढळले.

हे निरीक्षण आपल्या खेड्याला किती लागू पडते, हे वेगळे सांगायला नको. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला कायद्याने बंदी आहे. त्या रेषेबाहेर पक्षांची टेबले मांडलेली असतात आणि पाहणीकारही बहुधा तेथेच आसपास उभा असतो. पाहणीकाराचे आडनाव, बोलण्याचा लहेजा यावरून मतदार त्याची जात ताडतो आणि उत्तरही त्या बेताने देतो. समोर गावचा कारभारी बसलेला असताना 'मत कोणाला दिले?' या प्रश्नाचे खरे उत्तर कोण देईल? स्त्रिया घोळक्याने येतात. त्यांच्यातील एक वयस्कर बाई बोलते आणि बाकीच्या मान डोलावतात. वहीत मात्र चार मुलाखती भरतात. जेथे आरक्षणाच्या प्रश्नावरून गावे दुभंगली होती, तेथे अल्पसंख्य बाजूचा मतदार गप्प राहिला तर त्याला दोष देता येणार नाही. मत गुप्त ठेवणे हा त्याचा अधिकारच आहे.

उपाय तीन आहेत. पहिला, मतदाराने मत तोंडी सांगायचे नाही. उमेदवारांची नावे आणि चिन्हे असलेल्या नकली मतपत्रिकेवर खूण करून ती बंद पेटीत टाकायची. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा 'लोकनीती' विभाग मतदानानंतर घरोघरी जाऊन जे सर्वेक्षण करतो, त्यात अशी पेटी वापरली जाते आणि मतदारही यादीतून निवडलेले असतात. दुसरा उपाय, कोणाला विचारायचे हे पाहणीकाराने ठरवायचे नाही. दर दहावा किंवा विसावा मतदार, मग तो चिडका असो, घाईत असो वा पदर ओढून चाललेली आजी असो. तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे नकाराची नोंद. ज्याने उत्तर दिले नाही, त्याचे अंदाजे वय, स्त्री की पुरुष, आणि वेळ लिहून ठेवायची. एखाद्या केंद्रावर स्त्रियांनी किंवा वृद्धांनी जास्त नकार दिला असेल, तर हिशेबात त्यांच्या उत्तरांना त्या प्रमाणात अधिक वजन देता येते.

सकाळचा मतदार, संध्याकाळचा मतदार

जालना लोकसभेचे मतदान १३ मे २०२४ रोजी झाले. मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हात दुपारी केंद्रे ओस पडतात. सकाळी अकराच्या आत आणि चारनंतर रांगा लागतात. विधानसभेच्या वेळी, २० नोव्हेंबर रोजी, सायंकाळी पाचपर्यंत राज्यात सुमारे ५८ टक्के मतदानाची नोंद होती आणि अंतिम आकडा ६६ टक्क्यांवर गेला. दुपारी चारला वही मिटून निघालेल्या पाहणीकाराला हे उशिरा आलेले मतदार भेटलेच नाहीत. म्हणून प्रत्येक केंद्रावर सकाळ, दुपार आणि शेवटचे दोन तास असे वाटे आधीच ठरवावे लागतात. निवडणूक आयोग स्त्री-पुरुष मतदानाची स्वतंत्र आकडेवारी नंतर जाहीर करतो. तिच्याशी नमुना ताडून पाहिला, तर चूक आणखी कमी होते. टपाली मते आणि ८५ वर्षांवरील मतदारांची घरून घेतलेली मते मात्र केंद्राबाहेरच्या पाहणीत कधीच येत नाहीत.

दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी

महाराष्ट्रात २०२४ मध्ये आणखी एक अडचण उभी राहिली. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस हे दोन्ही पक्ष फुटलेले. एका शिवसेनेचे चिन्ह धनुष्यबाण, दुसरीचे मशाल; एका राष्ट्रवादीचे घड्याळ, दुसरीचे तुतारी वाजविणारा माणूस. 'मत शिवसेनेला दिले' एवढ्या उत्तराला काही अर्थच राहिला नव्हता. चिन्हांचा गोंधळ तर प्रत्यक्ष मतदान यंत्रापर्यंत पोचला. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात नामसाधर्म्य असलेल्या आणि तुतारीशी साम्य असलेले चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली. अशा मतदाराला तोंडी विचारले असते, तर त्याने एका पक्षाचे नाव घेतले असते आणि यंत्रातून दुसऱ्याचे मत निघाले असते. त्याला खोटे बोलायचे नव्हते! हुबेहूब मतपत्रिका वापरली, तरच ही चूक चाचणीत उमटू शकते.

जालन्यात 'इतर' या रकान्यानेही कसोटी पाहिली. तेथे मंगेश साबळे या अपक्ष उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मते मिळाली. विजयी मताधिक्यापेक्षाही ती जास्त होती. पक्षांची नावे छापून शेवटी 'इतर' लिहिणारी प्रश्नावली मुंबई-दिल्लीत तयार होते. गावपातळीवर कोण जोर धरतो आहे, हे तिला ठाऊक नसते.

मतांपासून जागांपर्यंतचा अवघड घाट

सर्व काळजी घेऊन मतांची टक्केवारी अचूक काढली, तरी अर्धेच काम होते. वाहिन्यांना टक्केवारी नको असते, जागा हव्या असतात. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० विरुद्ध १७ अशा पडल्या आणि एक अपक्षाला गेली. बीडमध्ये साडेसहा हजार आणि मुंबई वायव्य मतदारसंघात अवघ्या ४८ मतांनी निकाल लागला. त्या वेळी ॲक्सिस माय इंडियाने महायुतीला २८ ते ३२ जागा दिल्या होत्या. सी-व्होटरचा २२ ते २६ हा आकडाही प्रत्यक्षाच्या पुढेच होता. पण लढत बरोबरीची आहे, हे त्यातून तरी कळत होते. विधानसभेत याच ॲक्सिसने महायुतीला १७८ ते २०० जागा सांगितल्या. विजेता बरोबर आला, विजयाचा आकार मात्र हुकला.

आपल्याकडची रूढ रीत अशी, की मागील निवडणुकीच्या तुलनेत राज्यभर मते जेवढी सरकली, तेवढी ती प्रत्येक मतदारसंघात सरकली असे मानायचे. पक्ष फुटल्यावर 'मागील मते' कोणाच्या खात्यात धरायची? आणि मराठवाड्यातील कल विदर्भाला किंवा मुंबईला कसा लावायचा? प्रदेशनिहाय स्वतंत्र हिशेब केल्याविना येथे गत्यंतर नाही.

ब्रिटनने काय केले?

ब्रिटनमध्ये रात्री दहा वाजता मतदान संपताच जाहीर होणारी चाचणी गेल्या वीस वर्षांत बहुतांशी नेमकी ठरली आहे. २०१९ मध्ये तिने हुजूर पक्षाला ३६८ जागा सांगितल्या, मिळाल्या ३६५. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ४१० सांगितल्या, मिळाल्या ४११. तेथील नमुना अवाढव्य नसतो. साडेसहाशे मतदारसंघांच्या देशात सुमारे १३० ते १४५ केंद्रे आणि वीस हजारांच्या आसपास मतदार.

डेव्हिड फर्थ, जॉन कर्टिस आदी अभ्यासकांनी घडविलेल्या या पद्धतीचे मर्म एका गोष्टीत आहे. पाहणीकार शक्य तेथे मागील निवडणुकीतील त्याच केंद्रांवर पुन्हा उभे राहतात. केंद्रावर कोणाला किती मते, यापेक्षा 'मागच्या वेळेपेक्षा किती फरक पडला?' हा प्रश्न विचारला जातो. एखाद्या केंद्रावर एका पक्षाचे मतदार नेहमीच कमी बोलत असतील, तर ती खोट दोन्ही वेळा सारखीच राहते आणि वजाबाकीत निघून जाते. कोणत्या प्रकारच्या मतदारसंघात मते किती सरकली, हे नंतर शोधले जाते आणि प्रत्येक जागेसाठी नक्की विजेत्याऐवजी विजयाची शक्यता मांडली जाते. मतदार तेथेही नकली मतपत्रिका पेटीत टाकतो. वाहिन्यांची स्पर्धाही नाही. प्रमुख वाहिन्या मिळून एकच चाचणी करतात आणि खर्च वाटून घेतात.

आपल्या हाती असलेले, पण न वापरलेले साधन

आपल्याकडे यासाठी लागणारा कच्चा माल सरकारी संकेतस्थळावर पडून आहे. मतमोजणीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी 'फॉर्म २०' भरतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली, याची नोंद असते. अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेतील दोन क्रमांकाच्या खोलीत कोणाला किती मते पडली, हे कोणालाही पाहता येते. त्याचे दोन उपयोग आहेत.

पहिला उपयोग मतदानापूर्वीचा. मागील फॉर्म २० पाहून केंद्रे निवडता येतात आणि बदल मोजण्यासाठी तोच पाया धरता येतो. अर्थात केंद्रांची फेररचना होत असते; २०२५ मध्ये आयोगाने प्रत्येक केंद्रावरील मतदारांची कमाल मर्यादा १,५०० वरून १,२०० करण्याचा निर्णय घेतल्याने अनेक केंद्रे बदलतील. त्यामुळे जुने आणि नवे केंद्र गाव-वस्तीनिहाय जुळवून घ्यावे लागेल. शिवाय एकाच शाळेत चार केंद्रे असतील, तर बाहेर पडणाऱ्या मतदाराला खोलीचा क्रमांक विचारणे आवश्यक आहे. अन्यथा हिशेब जुळणार नाही.

दुसरा उपयोग निकालानंतरचा, आणि तो अधिक मोलाचा आहे. ज्या केंद्राबाहेर चाचणी झाली, त्याच केंद्राचा खरा निकाल फॉर्म २० मध्ये असतो. चाचणीतील मते आणि यंत्रातील मते समोरासमोर ठेवली, की चुकीचे निदान होते. केंद्रांवरचे आकडे जुळले, पण मतदारसंघाचा अंदाज चुकला, तर केंद्रांची निवड सदोष होती. केंद्रावरचेच आकडे एका बाजूला झुकलेले असतील, तर लोक बोलले नाहीत, खरे बोलले नाहीत, किंवा पाहणीकाराने झाडाखाली बसून वही भरली. मतांची टक्केवारी बरोबर येऊन जागा चुकल्या, तर रूपांतराचे गणित बिघडले. रोग कळला तर औषध देता येते. मात्र असा केंद्रनिहाय ताळा आपल्याकडील संस्था सहसा प्रसिद्ध करीत नाहीत. निकालानंतर चुकलेली संस्था मौन पाळते आणि बरोबर आलेली जाहिरात करते.

यात काय पणाला लागले आहे?

चाचणी चुकली तर बिघडले काय, निकाल तर खराच लागतो, असे काही जण म्हणतात. ३ जून २०२४ रोजी चाचण्यांच्या भरवशावर मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक अडीच हजार अंशांनी वर गेला आणि ४ जूनला निकालाच्या धक्क्याने सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. त्या दोन दिवसांत बाजारात उतरलेल्या लहान गुंतवणूकदाराला विचारावे, बिघडले काय ते.

याहून मोठी हानी विश्वासाची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियानात सर्व प्रमुख चाचण्यांनी काँग्रेसचे सरकार आणले आणि भाजपने ९० पैकी ४८ जागा जिंकल्या. पाठोपाठ मतदान यंत्रांवर संशय व्यक्त झाला. त्याच महिन्यात तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी चाचणीकर्त्यांना आणि वाहिन्यांना आत्मपरीक्षणाचा सल्ला दिला होता. चाचणी विश्वासार्ह असती, तर निकालावरच्या शंकेला तिचा आधार किंवा उत्तर मिळाले असते. आज ती दोन्ही कामांना निरुपयोगी आहे. ती फक्त संशयात भर घालते.

कायद्याचे बंधन आहे ते वेळेपुरते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १२६ अ नुसार, मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करता येत नाहीत. उल्लंघन केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चाचणी कशी घेतली, हे सांगण्याची सक्ती मात्र त्यात नाही.

वाचकांनी विचारावयाचे प्रश्न

पुढील निवडणुकीत पडद्यावर रंगीत आकडे झळकू लागले, की वाचकांनी काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. मतदार किती, याऐवजी मतदान केंद्रे किती होती? ती कशी निवडली? किती जणांनी उत्तर नाकारले? मत तोंडी विचारले की पेटीत घेतले? मतांची टक्केवारी दिली आहे की फक्त जागा? अंदाजाला वर-खालची मर्यादा आहे का? आणि याच संस्थेने मागील चुकीचा हिशेब कधी दिला होता का? या प्रश्नांची उत्तरे देणारी चाचणी चुकली तरी तिच्याकडून काही शिकता येईल. न देणारी बरोबर आली, तर तो योगायोग समजावा.

भोकरदन किंवा पैठणचा मतदार केंद्रातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या बोटाला शाई असते आणि मनात गुपित. ते गुपित ओरबाडून घेण्याचा हक्क कोणालाही नाही. त्याचा मान राखून, पेटी पुढे करून विचारले, तर तो बहुधा खरे सांगेल. तेवढा वेळ, तेवढा खर्च आणि तेवढा संयम ज्या संस्थांकडे आहे, त्यांनीच या कामात पडावे.